जुनी चित्रफीत आणि नवे चित्र

हैदराबादच्या नारायणगुडा भागात न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था आहे. तिच्या आसपासच्या एखाद्या जुन्या मराठी घरातील कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तर लग्नपत्रिका आणि मोडके चष्मे यांच्या सोबतीला काळ्या प्लॅस्टिकच्या चार-दोन कॅसेटी सापडण्याचा संभव फार. एकीवर ‘आत्याचे लग्न’, दुसरीवर ‘शाळेचे स्नेहसंमेलन’ असे शाईने लिहिलेले असावयाचे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आपल्याकडे आले, पाठोपाठ व्हिडिओही घरांत शिरला. या कॅसेटी त्या काळच्या होत.

आता अशी कल्पना करा, की त्या घरातील नातीने आपल्या वस्तीवर एक अनुबोधपट काढावयाचे योजिले आहे. फेब्रुवारी २०२० पासून नारायणगुड्याच्या स्थानकावरून मेट्रो धावू लागली. तिचे उंच खांब आणि खालची वर्दळ नातीने नव्या कॅमेऱ्याने टिपली. कॅसेटमध्ये मात्र त्याच रस्त्यावरून आत्याची वरात चाललेली आहे; खांब नाहीत, वर आकाश मोकळे आहे. ही दोन चित्रे एकापुढे एक जोडावी, एवढीच तिची इच्छा. पण जोडताच ती एकमेकांशी भांडू लागतात.

कारण उघड आहे. जुनी फीत संगणकावर उतरविली, म्हणजे तिचे एक चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे होते. नवे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे. हिशेब केला तर नव्यात बिंदू बरोबर पाचपट! त्यात व्ही. एच. एस. फितीत मुळातच तपशील कमी. अशी फीत पडदाभर ताणली, की वऱ्हाडी मंडळी धुक्यातून चालल्यासारखी दिसतात.

दुसरी अडचण आकाराची. जुन्या चित्राची रुंदी-उंची चारास तीन, नव्याची सोळास नऊ. रुंदी भरण्यासाठी चित्र आडवे ओढले, तर प्रत्येक चेहरा एकतृतीयांशाने रुंदावतो. वरखाली कापले, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि त्यात कदाचित नवऱ्या मुलाचा फेटाच जातो. तिसरी अडचण हालचालीची. जुन्या व्हिडिओत पूर्ण चित्र एकदम उमटत नसे. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे येत. ती नीट न उलगडता एकत्र केली, तर हलत्या हाताच्या कडेला फणीचे दात उमटतात.

यांवर उपाय आहेत. अर्धचित्रे उलगडून घ्यावीत, रंग जुळवावेत, आणि चित्र त्याच्या मूळ आकारात मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंस काळी पट्टी सोडावी. आता तर यंत्रबुद्धीच्या साह्याने पुसट चेहरा रेखीव करणेही शक्य झाले आहे. परंतु येथेच थांबून विचार करावयास हवा. फितीत नसलेली भुवई यंत्र अंदाजाने काढते. ती सुंदर असेल. पण ती आत्याची असेलच असे नाही. अनुबोधपट ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराच्या तोंडी नवे शब्द घालणे योग्य नव्हे.

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा अनुबोधपट चौदा वर्षांच्या चित्रणातून सिद्ध झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगऱ्यांचे गाणे चित्रित झाले होते, तोच शाहीर पुढच्या चित्रपटात पुन्हा गातो. तेथे जुने चित्र नव्याच्या तोडीचे आहे की नाही, हा प्रश्नच प्रेक्षकाच्या मनात येत नाही. गाणारा माणूस आज नाही, हे त्या जुनेपणानेच कळते.

म्हणून नातीने वरातीचे धुके थोडेसे राहू द्यावे. मात्र एका गोष्टीत विलंब करू नये. दमट हवेत फितीला बुरशी धरते, तिचा लेप सुटतो; आणि फीत चांगली राहिली तरी ती चालविणारे यंत्र कोठे आहे? व्ही. सी. आर. बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली ते काम बंद केले. त्यामुळे अनुबोधपट सावकाश होवो. आधी कॅसेट जाणत्या माणसाकडे नेऊन उतरवून घ्यावी, दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेटही टाकून देऊ नये. वरातीत आत्याच्या पाठीमागून चालणाऱ्या आजीचा आवाज कदाचित त्या एकाच कॅसेटमध्ये उरला असेल.