मधमाशीचे देणे

मधमाशी म्हटली की आपणांस प्रथम मध आठवतो आणि पाठोपाठ नांगी आठवते. या दोहोंपलीकडे तिचे जे थोर कार्य आहे, त्याची खरी जाणीव मला शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर झाली, आणि तीही नातीच्या एका प्रश्नामुळे.

गेल्या माघात आम्ही घरची सर्व मंडळी बारामतीहून पुण्यास गेलो होतो. तेथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मुलांना ती दाखवावी, असा बेत होता. काचेआडच्या पोळ्यावर सातेरी माश्यांची अखंड लगबग चालली होती. कामकरी माशीचे आयुष्य ऐन हंगामात अवघे पाच-सहा आठवड्यांचे. त्यातील पूर्वार्ध ती घर झाडण्यात, पिलांना भरविण्यात व पोळे बांधण्यात घालविते आणि उत्तरार्ध रानात. फुले सापडली म्हणजे परत येऊन ती पोळ्यावर नाचते. त्या नाचाच्या रेषेने फुलांची दिशा कळते आणि नाच किती वेळ चालला यावरून अंतर कळते. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांनी उलगडली. १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

परंतु माझ्या मनात भरली ती निराळीच गोष्ट. एका फेरीत मधमाशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. डाळिंबावर निघाली तर डाळिंबावरच. त्यामुळे अंगाला चिकटलेले पराग योग्य त्या फुलास पोहोचतात. आमच्या बारामती-इंदापूर भागात उसाचे कांडे लावले की ऊस येतो. त्याला माशीची गरज नाही. डाळिंबाचे तसे नाही. शेतकरी जिला मादी कळी म्हणतात, तिचेच फळ होते. नर कळी गळून पडते. मादी कळीवर पुरेसे पराग आले तर फळ चांगले धरते, आणि हे काम माशी मोठ्या खुबीने करते. बियांसाठी राखलेल्या कांद्याच्या डोंगळ्याची तर याहून अडचण. त्याच्या फुलातील पराग आधी झडतात आणि बीजधारणेची वेळ मागून येते. दुसऱ्या फुलाचे पराग कोणी तरी आणून द्यावेच लागतात.

हे ऐकत असता नातीने विचारले, “आजोबा, तुम्ही खरं मोहोळ पाहिलंय?”

मी पाहिले होते. शाळेच्या आवारातील पिंपळावर एकदा आग्या मोहोळ बसले. एका मुलास माशी डसली. त्याच रात्री मी मशाल लावावयास सांगितली. सकाळी शिपायाने झाडाखालून टोपलीभर जळक्या माश्या उचलल्या, आणि मी वर्गात जाऊन वनस्पतिशास्त्रातील परागीभवन शिकविले! शब्द मुखोद्गत होता; अर्थ पिंपळाखाली पडला होता. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करतात. मुलांना त्या बाजूस जाऊ न देता काही काळ वाट पाहिली असती, तर त्या आपणहून गेल्या असत्या. नातीला मी हे सारे सांगितले. ती काही बोलली नाही. तेच मला अधिक लागले.

परत आल्यावर इंदापुराकडे पुतण्याच्या बागेत गेलो. आंबे बहाराची फुले लागली होती, आणि सकाळच्या उन्हात कीटकनाशकाची फवारणी चालू होती. माश्या फुलांवर येण्याची हीच वेळ! मी म्हणालो, “अरे, ऐन फुलोऱ्यात विषारी औषध शक्यतो टाळावे, अगदी प्रसंग आला तर दिवस मावळल्यावर मारावे.” तो म्हणाला, “काका, मजूर सकाळीच येतात. संध्याकाळी कोण थांबणार?” अडचण खोटी नव्हती. अखेर थोडी मजुरी वाढवून त्याने वेळ बदलली. फळ किती वाढले, हे मी सांगणार नाही. एका बहारावरून हिशेब मांडणे मास्तरास शोभत नाही.

शहरातील श्रोत्यांना एवढीच विनंती, की गच्चीखाली मोहोळ दिसले तर मशाल पेटवू नये. त्याच्यापासून दूर राहावे, जाणत्या माणसास बोलवावे. ताटातील डाळिंबाच्या दाण्यांत त्या माश्यांचेही श्रम आहेत. मधाची किंमत आपण दुकानात चुकवितो. हे दुसरे देणे मात्र अजून आपल्या वहीत मांडलेले नाही.