धुरळ्यातला मावळा



दिवाळीत पोरं किल्ला करतात. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे. कुठं कुठं तर अख्खं अंगण भरून लढाईचा देखावा असतो. आपण बागलाणची माणसं, तेव्हा पोरांनी साल्हेरची लढाई मांडली तर नवल नाही. आपण उभं राहून बघतो. इकडं प्रतापराव गुजर, तिकडं मोरोपंत पिंगळे, मधे इखलासखानाची फौज. सगळं कसं स्वच्छ दिसतं! कोण जिंकणार, तेही आपल्याला ठाऊक.

पण माउली, १६७२ साली त्या रणात जो मावळा उभा होता, त्याला काय दिसत होतं? सभासदाची बखर सांगते, चार प्रहर युद्ध झालं आणि धुरळा असा उडाला की आपला कोण, परका कोण, कळेना. सूर्याजी काकडे तिथंच पडले.

आणखी एक ऐका. पोरं किल्ल्यावर सगळ्यात उंच जागी महाराजांना बसवतात. बरोबरच आहे. पण साल्हेरच्या रणात शिवाजी महाराज स्वतः नव्हते. त्यांचा हुकूम आला होता. राजा डोळ्यांपुढं नाही, शेजारचा दिसत नाही, तरी पाय मागं घेतला नाही. याला निष्ठा म्हणायचं!

आपलं काय होतं? पीक हातचं गेलं, घरात आजारपण आलं, की आपण विचारतो, 'देव कुठं आहे?' अरे बाबा, तू देखावा बघणारा नाहीस, देखाव्यातला आहेस! तुला धुरळाच दिसणार. नेमून दिलेली जागा सोडू नको, मुखातलं नाम सोडू नको.

याच सटाण्यात यशवंतराव महाराज मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी खुला केला. नोकरी राहील की जाईल, हे त्यांना दिसत होतं का? समोरचा भुकेला दिसत होता, तेवढं पुरलं. म्हणून मामलेदाराचे देवमामलेदार झाले.

आता किल्ला बघायला जाल तेव्हा नुसते उभ्यानं बघू नका. गुडघे टेका, वाका, मावळ्याच्या उंचीवर डोळे न्या. देवापुढं वाकायचं तेही याचसाठी.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! देवमामलेदार यशवंतराव महाराज की जय!