झेंडा बदलला, द्वेष तोच राहिला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भगवंतांनी द्वेषाला अकुशलाचे मूळ म्हटले आहे. हे मूळ माणसात कसे रुजते, ते दाखविणाऱ्या एका कोरियन चित्रपटावर आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. 'तेगुक्गी' म्हणजे दक्षिण कोरियाचा राष्ट्रध्वज. कांग जे-ग्यू यांनी दिग्दर्शित केलेला या नावाचा चित्रपट २००४ साली आला.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. सोलच्या रस्त्यावर बूटपॉलिश करून जिन-ते धाकट्या भावाला, जिन-सोकला, शिकवीत होता. दोघांनाही जबरदस्तीने लढाईवर नेले. मोठे पदक मिळव, भावाला घरी पाठवू, असे वरिष्ठांनी सांगितले. मग काय, हा जिवावर उदार होऊन लढू लागला. हेतू चांगलाच होता. पण हळूहळू भाऊ बाजूला पडला नि मारण्याचीच चटक लागली.

पुढे बघा. त्याच्या होणाऱ्या बायकोने पोटासाठी, धान्य मिळते म्हणून एका संघटनेत नाव घातले होते. तेवढ्यावरून तिला कम्युनिस्ट ठरवून दक्षिणेच्याच लोकांनी गोळी घातली. ही नुसती पटकथा नव्हे. अशा संघटनेच्या हजारो सभासदांना दक्षिण कोरियाच्या लष्कराने व पोलिसांनी १९५० मध्ये खरोखरच ठार केले.

भाऊही जळून मेला असे समजून जिन-ते उत्तरेच्या सैन्यात गेला. काल ज्यांना मारीत होता, आज त्यांच्याच बाजूने मारू लागला. शेवटी समोर आलेला सख्खा भाऊसुद्धा त्याला ओळखू येईना! आम्हाला वाटते, सगळा चित्रपट या एका क्षणात आहे. ओळख पटली तेव्हा फार उशीर झाला होता. भावाला वाट करून देताना तो मेला. पन्नास वर्षांनी उत्खननात त्याची हाडे निघाली, आणि म्हातारा जिन-सोक त्या हाडांशी बोलत रडला.

२७ जुलै १९५३ला युद्धविराम झाला, शांतता करार मात्र आजतागायत नाही. १९८३ साली तिथल्या 'केबीएस' वाहिनीने ताटातूट झालेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवस चालला, दहा हजारांवर भेटी झाल्या. तीस वर्षांनंतरही माणसे एकमेकांना शोधतच होती. तोफा थांबल्या, दुःख थांबले नाही.

मोठ्या मुलांबरोबर हा चित्रपट जरूर बघा. लहानांना झेपणार नाही. मग त्यांना एवढेच विचारा, जिन-तेला आपला भाऊ नेमका कधी दिसेनासा झाला? झेंडा बदलला तेव्हा, की पदक छातीवर लागले तेव्हाच?