माळवदाचे घर कच्चे कोणी ठरवले?



वारसा म्हटले की आपल्या जिल्ह्यात बोट दाखवले जाते नळदुर्गाकडे, परंड्याच्या किल्ल्याकडे. किल्ले राजांनी बांधले. पैसा मात्र आपल्या वाडवडिलांनी भरलेल्या शेतसाऱ्याचा. शेतकऱ्याने स्वतःच्या अकलेने उभे केले ते माळवदाचे घर. आज त्या घराबद्दल बोलायचे आहे, कारण सरकारी कागदावर ते 'कच्चे' आहे. २०१६ साली सुरू झालेल्या घरकुल योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते नवे पक्के घर बांधायला. जुने नीट करायला नाहीत. म्हणून माळवद पाडायचे, सागवानी खांब आणि चौकट येईल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यायची आणि पत्र्याखाली उन्हाळा काढायचा.

हे घर मुळात शेतीचे अवजार आहे. खणांवर मापलेले, दोन-तीन फूट जाडीच्या भिंतीचे. मेच्या उन्हात आत गारवा. वर गढीची पांढरी माती, पाणी काढायला पन्हाळ, उजेडाला आणि धुराला साने. ज्वारी माळवदावर वाळवायची आणि वरच्याच भोकातून खाली बळदात सोडायची. ज्याच्या घरात बळद, त्याला खळ्यावरच माल विकायची घाई नव्हती. अडत्याच्या दारात उभे राहण्याआधी चार महिने थांबण्याची ताकद त्या भिंतीत होती. आज बळदे रिकामी आहेत. त्याला गवंडी जबाबदार नाही, ज्वारीचा भाव जबाबदार आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच घरांनी माणसे मारली ना? मारली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरची आठवण काढली की उमरगा-लोहाऱ्याकडचे लोक आजही गप्प होतात. पण मेली कशाने, हे नीट पाहिले पाहिजे. भिंती रुंद होत्या, पण आतली आणि बाहेरची अशा दोन पडद्यांच्या, मध्ये खडी-माती. दोन्ही पडदे बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसताच पडदे फुगून सुटले. वर माळवदाची माती. दरसाल जुनी न काढता नवी टाकत गेलो. दहा बाय दहाच्या खणावर एक फूट माती म्हणजे एक ब्रास, चार-साडेचार टन. दोन फूट झाली की नऊ टन. ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. मात्र जिथे छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, तिथे भिंत ढासळूनही अनेक ठिकाणी छत उभे राहिले. म्हणजे जुन्या सुताराचे शहाणपण टिकले. पडली ती काटकसरीची भिंत. खर्च निघेल असा भाव शेतमालाला कधी मिळालाच नाही, त्या माणसाने लाकडात काटकसर करायची नाही तर कशात?

भूकंपानंतर ५२ गावे हलवली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे ओळीने उभी राहिली. छप्पर मिळाले, ते मोलाचे होते. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, बळद कुठे, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी विचारले नसावे.

त्याच १९९३ साली मातीच्या आणि दगड-मातीच्या घरांसाठी भारतीय मानके छापली गेली. त्यांत सांगितलेले काम आपल्या गवंड्याला न जमण्यासारखे नाही. भिंतीत दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, पूर्ण जाडीचा आरपार दगड. भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा पट्टा. छतावर माती कमी. भूकंपानंतर घरे जागेवरच मजबूत करण्याचे कामही सरकारने याच दोन जिल्ह्यांत केले आहे. मग आज दुरुस्तीला पैसे नाहीत, हे कसे?

तेरला जाऊन पाहा. गोरोबाकाकांचे घर म्हणून दाखवतात, तिथे वारकरी माथा टेकतो. कुंभाराचे घर ते. हे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात इथून गाड्यांनी भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. कापूस पिकवणाऱ्यांची आणि विणणाऱ्यांची घरे कुठे गेली? त्यांत संत राहिला नव्हता, म्हणून कोणी जपली नाहीत.

आम्हाला सगळीच घरे जपायची नाहीत. जे धोक्याचे आहे ते उतरवा, त्यात भावनेला जागा नाही. पण ज्याचा लाकडी सांगाडा शाबूत आहे, त्याच्या दुरुस्तीला घरकुलाइतकीच रक्कम मिळावी आणि ग्रामसभेने अशा घरांची यादी करावी, हा ठराव आज या बैठकीपुढे ठेवत आहोत. यादी मृगाच्या आधी व्हायला हवी. माळवदावर चढाल तेव्हा फावड्याने एका कोपऱ्यात मातीची जाडी मोजा आणि एक फुटाच्या वर असेल तर आधी ती उतरवा.