बाप्तिस्म्याची नोंदवही आणि परदेशस्थ नातवंडें



महोत्सवाच्या या मंगल दिवशीं आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांविषयीं चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

गोंदिया हें आगगाडीनें वाढविलेलें गांव. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावर अँग्लो-इंडियन व गोवेकर कुटुंबें चाकरीनिमित्त आलीं. स्वातंत्र्यानंतर अशीं कित्येक कुटुंबें इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेलीं. त्यांचीं नातवंडें आतां आजोबांची नोंद मागतात, तीं केवळ कौतुकानें नव्हे. परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे 'ओसीआय', म्हणून नोंद होण्यास पूर्वज दाखवावा लागतो. २६ जानेवारी १९५० रोजीं वा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशीं होण्यास पात्र होता, त्याचें मूल, नातवंड वा पणतवंड यांस हा हक्क मिळूं शकतो. गोव्यासारखा प्रदेश मागाहून भारतांत आला, तेथील घराण्यांसही तो आहे. पूर्वज पाकिस्तान वा बांगलादेशाचा नागरिक झाला असेल, तर मात्र नाहीं.

जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशासाठीं एकच कायदा १९६९ सालीं झाला. त्यापूर्वीं जन्मलेल्या कित्येकांचा जन्म कोठें झाला, हें सांगणारा एकच कागद उरला आहे, तो बाप्तिस्म्याचा. सरकार तो किती ग्राह्य धरील हें सरकारच ठरवील. तो खरा असावा एवढें आपल्या हातीं आहे. म्हणून पारपत्रांतील नांवाशीं जुळावें यासाठीं जुन्या शाईवर खाडाखोड करा, असें कोणीं म्हटल्यास मीं ती केलेली नाहीं, करणारही नाहीं. पुरावा आणा, समासांत टीप लिहूं.

विवाहाचेंही तेंच. भारतीय नागरिकाशीं वा ओसीआय असलेल्याशीं विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीचा विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वीं सलग दोन वर्षें टिकलेला असला पाहिजे. घटस्फोट झाला कीं तो हक्क काढून घेतां येतो. दोन वर्षें भरावीं म्हणून तारीख मागें ओढणें हें वेदीपुढें घेतलेल्या शपथेशीं खोटें वागणें होय.

नांवांत 'नागरिक' असलें तरी यास मतदान नाहीं, आपल्याकडील धानाचें शेत विकत घेतां येत नाहीं. आणि कोणी पणतू धर्मप्रचारार्थ येऊं म्हणेल, तर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणें त्यास विशेष परवानगी काढावी लागेल. हें आधींच सांगितलेलें बरें.

जुन्या वह्यांचीं पानें आतां हात लावतांच तुटतात. ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे वा विवाहाचे दाखले असतील, त्यांनीं महोत्सव संपण्यापूर्वीं ते पडताळून पाहण्यास आणावेत. मूळ कागद त्याच दिवशीं परत मिळेल.