पुन्हा न आलेला रुग्ण : वैद्यकीय शिक्षणातलं संशोधन आणि ते छापून येणं



मंडळाच्या या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, तापीकाठच्या इतिहासावर बोलणारी जाणती माणसं येऊन गेली. त्या रांगेत होमिओपॅथीच्या एका डॉक्टरला उभं केलंत, तेव्हा मलाच प्रश्न पडला, की मी काय बोलणार? मग लक्षात आलं, डॉक्टरही आयुष्यभर लिहीतच असतो. चिठ्ठी लिहितो, दाखला लिहितो, रुग्णाची नोंद लिहितो. क्वचित त्या नोंदींतून लेख तयार करून एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवतो. आज त्या लिहिण्याविषयी बोलतो. वैद्यकीय शिक्षणात संशोधन म्हणजे काय, ते छापून का यायला हवं, आणि यात माझ्या हातून काय चुकलं, एवढाच विषय आहे.

माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. रात्री दुकान वाढवण्यापूर्वी ते वही उघडत आणि जमा-नावे दोन्ही बाजू लिहीत. नुकसानीचा आकडा लिहिताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. ‘एकाच बाजूची वही असेल तर ती वही नाही, ती मनाची समजूत,’ असं ते म्हणत. मी बीएचएमएस होऊन दवाखाना उघडला, तेव्हा त्यांच्यासारखीच लांब वही आणली. नाव, वय, मोहल्ला, तक्रार, औषध, आणि शेवटच्या रकान्यात परिणाम. रुग्ण बरा वाटतंय असं सांगून गेला की ‘सुधारणा’ लिहायचो. जो परत फिरकलाच नाही, त्याच्यासमोर ‘पुन्हा आला नाही’ असं लिहायचो आणि मनातल्या मनात त्याला बऱ्या झालेल्यांत धरायचो. दुखणं राहिलं असतं तर आला नसता का, हा माझा हिशेब.

पुढे मी होमिओपॅथीच्या एका महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस शिकवायला जाऊ लागलो. तिथली मुलं पाळीपाळीनं माझ्या दवाखान्यात बसायला येत. एकदा वही चाळताना एका मुलीनं विचारलं, “सर, हे लोक बरे झाले म्हणून आले नाहीत, की बरे झाले नाहीत म्हणून?” वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

आपल्या गावात यंत्रमागांवर काम करणाऱ्यांचा खोकला नवा नाही. त्या वर्षी खोकल्यासाठी येऊन पुन्हा न आलेल्यांची यादी आम्ही काढली आणि मुलांना त्यांच्या घरी पाठवलं. काहींबरोबर मीही गेलो. कोणी खरोखर बरा झाला होता, कोणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला होता, कोणाला औषधाचे पैसे परवडले नव्हते. एका घरात बाई दारातच म्हणाल्या, “वो तो रमज़ान के पहले ही गुज़र गए, डाक्टर साहब.” क्षय होता. निदान फार उशिरा झालं होतं. माझ्या वहीत त्यांच्या नावासमोर लिहिलं होतं : ‘खोकला कमी. पुन्हा आला नाही.’

त्या दिवसापासून दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर आधी थुंकी तपासून आण, मग बोलू, हा माझ्या दवाखान्याचा नियम आहे. पण शिक्षक म्हणून दुसरा प्रश्न उरला. मी मुलांना काय शिकवत होतो? रुग्णाचा इतिहास कसा घ्यावा हे मी फळ्यावर उत्तम शिकवत असे. रुग्ण दाराबाहेर गेल्यावर काय होतं, हे शिकवतच नव्हतो.

वैद्यकीय शिक्षणातलं संशोधन इथून सुरू होतं. औषध लागू पडतं का, हे आपण तपासतो. शिकवणं लागू पडतं का, हेही तपासायला हवं. एक उदाहरण देतो. पूर्वी डॉक्टरीच्या तोंडी परीक्षेत नशिबाचा भाग मोठा असे. एकाला सोपा रुग्ण आणि शांत परीक्षक मिळे, दुसऱ्याला अवघड रुग्ण आणि तिरसट परीक्षक. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी रीत करून पाहिली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्यावर जाणार, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळ, एकच काम आणि गुण कशाला द्यायचे याची आधीच केलेली यादी. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे छापलं. आज ‘ओस्की’ या नावानं ती परीक्षा जगभर आणि आपल्याकडेही घेतली जाते. हार्डन यांनी ती आपल्याच महाविद्यालयापुरती ठेवली असती, तर एका गावची चांगली चाल एवढंच तिचं आयुष्य राहिलं असतं.

मलाही हुरूप आला. मुलांची एक तुकडी रुग्णांच्या घरी जाणारी, दुसरी फक्त वर्गात शिकणारी. दोघांनी लिहिलेले रुग्णेतिहास मी तपासून तुलना केली. घरी जाणाऱ्यांच्या नोंदी कितीतरी चांगल्या निघाल्या. मी लेख लिहिला. त्याच सुमारास एका नियतकालिकाची ईमेल आली, ‘आपल्यासारख्या थोर संशोधकाचा लेख मिळाल्यास आम्ही धन्य होऊ.’ खरं सांगतो, सुखावलो. लेख पाठवला, तीन दिवसांत स्वीकारला गेला, शुल्क भरलं, प्रमाणपत्र आलं. ते चौकटीत बसवून दवाखान्यात टांगलं.

वर्षभरानं माझा डॉक्टर पुतण्या आला. तो एमडी झालेला. त्यानं लेख वाचला आणि म्हणाला, “काका, हा तपासला कोणी?” मी म्हटलं, “छापलाय ना!” तो म्हणाला, “छापणं वेगळं, तपासणं वेगळं.” मग त्यानंच तीन प्रश्न विचारले. घरी जाणारी मुलं तुम्ही निवडलीत, की ती हौसेनं पुढे आली? हौशी मुलं मुळातच चांगली असतील तर? नोंदी तपासताना कोणती कोणाची हे तुम्हांला ठाऊक होतं ना? आणि विद्यार्थ्यांची, रुग्णांची संमती आणि नीतिसमितीची परवानगी सुरुवातीलाच घेतली होती का? एकाही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडायला आणि नोंदींवरची नावं झाकून दुसऱ्याकडून तपासून घ्यायला एक पैसा लागला नसता. परवानगी मात्र काम झाल्यावर मागता येत नाही.

मी म्हटलं, निदान मर्यादा कबूल करून चांगल्या नियतकालिकाकडे पाठवतो. तेव्हा कळलं, एकदा छापलेला लेख दुसरीकडे पुन्हा छापता येत नाही. कित्येक महिन्यांची मेहनत, मुलांची पायपीट, त्या बाईंचं ते वाक्य, सगळं कोणी न वाचणाऱ्या जागी जाऊन पडलं. चौकट मी त्याच रात्री उतरवली.

अशा नियतकालिकांचं पीक किती माजलं होतं, ते पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. विद्यापीठांच्या शिफारशीनं अनुदान आयोगाच्या मान्य यादीत शिरलेली नियतकालिकं त्यांनी तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. याचं कारण उघड आहे. बढतीसाठी लेख मोजले जातात. लेख मोजले गेले, की ते पुरवणारा बाजार उभा राहतो. गिऱ्हाईक आपणच असतो.

आता खरं संशोधन कसं असतं ते सांगतो, आणि त्यासाठी परदेशी जायला नको. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लेकरं, दगावत. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून नोंदी करत : घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. या आरंभीच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं प्राण वाचतात, हे त्यांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ साली तिथेच मांडलं. प्राझोसिन हीच त्यांची ओळख झाली.

पण मला त्यांचं मोठेपण यापुढे दिसतं. विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी आपल्याच उपचाराची परीक्षा घेतली. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ज्या गोळीनं नाव दिलं, ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतः २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. वडील असते तर म्हणाले असते, ही खरी वही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरं उदाहरण शिक्षणाचंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावर उपचार शिकवले. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं, जगानं तपासलं, आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. आज आपल्या खकनार तालुक्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्याची मुळं गडचिरोलीतल्या त्या शिकवण्यात आहेत. छापून येण्याचा उपयोग हा असा असतो.

माझ्या पॅथीविषयी बोललो नाही तर ही वही पुन्हा एकाच बाजूची होईल. होमिओपॅथीचा जन्मच एका नियतकालिकातून झाला; हानेमान यांनी आपलं नवं तत्त्व १७९६ साली हुफेलांड यांच्या नियतकालिकात मांडलं. त्याच पॅथीविषयी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये बर्नच्या संशोधकांनी ११० आणि ११० चाचण्यांची तुलना छापली आणि म्हटलं, की होमिओपॅथीच्या औषधाचा स्वतःचा म्हणावा असा परिणाम दाखवणारा पुरावा कमकुवत आहे. आम्ही रागावलो, सभा घेतल्या. मीही भाषण केलं. पण उत्तर म्हणून पुढे करायला माझ्याकडे काय होतं? ‘पुन्हा आला नाही’ अशा ओळींनी भरलेली वही. शंका घेणाऱ्याला रागानं उत्तर देता येत नाही, नोंदीनं द्यावं लागतं. आणि नोंद आपल्याविरुद्ध गेली, तर तेही मान्य करावं लागतं.

आपल्या गावात आयुर्वेदाचं सरकारी महाविद्यालय आहे, युनानीचं सैफिया हमीदिया तिब्बिया महाविद्यालय आहे. आपल्या घरांतली मुलं इंदूर, नागपूर, पुण्याला एमबीबीएस करतात. त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. प्रश्न लहान घ्या; ‘आपल्या वॉर्डातले किती रुग्ण परत येत नाहीत, आणि का?’ हाही पुरतो. परवानगी आधी घ्या. हरवलेल्यांना शोधा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते, त्यासाठी अर्ज करा. लेख पाठवताना संपादक कोण, लेख तपासतं कोण, किती वेळ लागतो, हे बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघतं, तसली घरं ओळखून ठेवा. तीन दिवसांत होकार आला तर घाबरा. सहा महिन्यांनी नकार आणि सोबत दोन पानं शेरे आले, तर ती पानं जपून ठेवा. फुकटची शिकवणी आहे ती.

आम्ही जैन. पर्युषणात आलोचना करतो, म्हणजे आपले दोष दुसऱ्यासमोर उघडे करतो. अनेकांत सांगतो, की एका जागेवरून दिसतं ते सगळं सत्य नसतं. हे सगळं मी लहानपणापासून म्हणत आलो. पण आपला लेख एखाद्या अनोळखी परीक्षकासमोर ठेवणं ही तीच आलोचना आहे, हे समजायला साठी उलटावी लागली.

माझ्या वहीत अजूनही शेवटचा रकाना आहे. त्याच्यापुढे आता आणखी एक आखला आहे : ‘विचारलं का?’ दर शनिवारी दुपारी, न आलेल्यांना मी फोन लावतो. काही जण उचलत नाहीत. त्यांच्यासमोर मी ‘माहीत नाही’ असं लिहितो.