स्लॅशर घेण्याआधी आपला ट्रॅक्टर बघा

अवजार बँकेसाठी गवत-झुडपं कापायचा रोटरी स्लॅशर घ्यायचं ठरलंय. पण आपला ट्रॅक्टर जुना आणि छोटा आहे. इंजिन 25 एचपीचं असलं तरी पीटीओवर साधारण 20 एचपीच मिळतात. फुटाला 5 एचपी धरा, म्हणजे स्लॅशर 4 फुटीच घ्यायचा. 5 फुटी स्वस्तात मिळाला तरी नको.

दुसरं, जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरचा क्लच दाबला तरी फिरतं पातं गिअरमधून चाकं ढकलत राहतं. विहिरीच्या काठावर हे जिवावर बेततं. म्हणून पीटीओला ओव्हररनिंग क्लच बसवायचाच.

तिसरं, शाफ्टवर कव्हर हवंच. पदर खोचलेला असला तरी चालू शाफ्टजवळ जायचं नाही.

हे तिन्ही बघा, मगच चेकवर सह्या करा.